पलीकडे

फोन कानाला लावूनच धाकटीनं पडदा सरकवला आणि रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. ताईची खिडकी उघडी होती. खिडकीत ताई नव्हती.

"अगं, दिसत का नाहीस? कुठायस?"

"खाली."

"खाली म्हणजे? रस्त्यावर?"

"नाही गं. फरशीवर." ताईचे शब्द एकमेकांना चिकटून येत होते, झोपेतून उठवल्यासारखे. "डावा हात बघत्येय मी कधीची. माझा वाटतच नाहीये."

धाकटीच्या मांडीवर कुणाची तरी पँट होती, कंबर सैल करायला आलेली. ती तशीच खाली घसरली. ताईचा फोन होल्डवर ठेवून तिनं रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, तो मिनिटभरात लागला. फोनवरच्या मुलीनं पत्ता दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, "पंचवीस मिनिटं धरा. दार उघडं ठेवा फक्त."

दार उघडं ठेवणार कोण? ताईचं दार ओढलं की आपोआप बंद होणारं होतं. शेजारचं बिऱ्हाड महिनाभर गावाला गेलेलं. दुसरी किल्ली होती ती धाकटीच्या दारामागच्या खिळ्याला. तिनं ती काढली, मुठीत धरली आणि पायात सापडेल ती चप्पल सरकवून जिना उतरली.

दोन घरांत अंतर चाळीस पावलांचं. रस्ता अरुंद होता तेव्हा ते सतरा पावलं होतं. तेव्हा ताई गॅसवर दूध ठेवून सुई मागायला यायची आणि दूध उतू जायच्या आत परत पोचायची. मग रस्ता रुंद झाला. दोन्हीकडच्या झाडांच्या जागी दोन्हीकडे गाड्यांचे तीन-तीन पदर आले, मधे लोखंडी कठडा आला, आणि कठड्यात माणसांसाठी एक फट ठेवून तिच्यासमोर पांढरे पट्टे ओढले गेले. गाडीवाल्यांना ते पट्टे म्हणजे रस्त्यावरची नक्षी वाटत असावी. त्यांच्यावरून जाताना कुणाचा वेग कमी व्हायचा नाही, झाला तर वाढायचा. बहिणी आता रविवारी पहाटे, रस्ता झोपलेला असताना भेटत. बाकीचे दिवस सकाळी पावणेनऊला दोघी आपापल्या खिडकीत उभ्या राहून फोनवर बोलत आणि शेवटी हात हलवून कामाला लागत.

त्यांनी काही केलं नव्हतं असं नाही. ताईनं एकतीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती. नुसती तक्रार करणं तिला पटेना. आठवडाभर ती खिडकीत वही घेऊन बसली आणि पट्ट्यांवर माणूस उभा असताना किती गाड्या थांबतात ते तिनं लिहून काढलं. सात दिवसांत अकरा. त्यातल्या चार बंद पडलेल्या.

ती वही घेऊन दोघी रस्त्यांच्या कचेरीत गेल्या होत्या. साहेब भला माणूस होता. त्यानं वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"काम सुरेख केलंय तुम्ही," तो म्हणाला. "पण सिग्नलसाठी नियम आहे. तीन वर्षांत पाच लागतात."

"पाच काय?" धाकटीनं विचारलं.

त्यानं फाइलीची दोरी नीट बांधली. "गेलेली माणसं. तुमच्याकडे एकच आहे. नियम मी नाही केला, बाई."

बाहेर आल्यावर जिन्यात ताई थांबली. "एक झालाय. आपण दोघी धरून तीन. आता आणखी दोघं गाठायला हवेत." दोघी इतक्या हसल्या की पहारेकरी वळून बघायला लागला.

आता त्याच पट्ट्यांवर धाकटी किल्लीचा हात वर करून उभी होती. समोरून गाड्यांची भिंत सरकत होती. एकानं मान वाकडी करून खांद्यात फोन धरला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंही, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं तसं. एका स्कूटरवाल्यानं लांबूनच हॉर्न दाबला आणि तिला ओलांडून जाईपर्यंत सोडला नाही. तिनं एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. परत टाकलं, परत घेतलं.

मग एक निळी गाडी खरोखरच थांबली. आतल्या बाईनं हातानं ‘जा’ अशी खूण केली. धाकटी धावली. निळ्या गाडीच्या पुढे येते न येते तोच तिच्या पलीकडच्या पदरातून एक टेम्पो सुसाट निघून गेला, इतका जवळून की त्याच्या ताडपत्रीचं टोक तिच्या बाहीला लागलं. ती उलट्या पावली मागे आली. निळ्या गाडीमागच्यांनी एव्हाना हॉर्नचा गजर मांडला होता. त्या बाईनं ओशाळून खांदे उडवले आणि गाडी पुढे घेतली.

फोन चालूच होता. "निघालीस का गं?" ताई विचारत होती.

"आले. हे काय, आलेच."

घड्याळात नऊ वाजायला पाच कमी होते. ताईची खिडकी तिथून स्पष्ट दिसत होती, तिच्या कठड्यावर वाळत टाकलेलं फडकंसुद्धा.

तेवढ्यात मागे एक टॅक्सी उतारू सोडायला थांबली. धाकटी आत जाऊन बसली.

"पलीकडे घ्या."

"पलीकडे कुठं?"

तिनं बोटानं दाखवलं. टॅक्सीवाला मागे वळला. चाळिशीचा, डोळ्यांत झोप अडकलेला माणूस. "मावशी, एवढ्याला टॅक्सी? चालत जा की."

"जाता येत नाही."

"आणि पुढचं वळण दोन किलोमीटरवर. या गर्दीत अर्धा तास."

"माझी बहीण पडलीय घरात. एकटी आहे. किल्ली माझ्याकडे." तिनं मूठ उघडून दाखवली. किल्लीचे दात तळव्यात उमटले होते.

त्यानं आरशातून तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "घट्ट धरून बसा."

थोडं पुढे कठड्याचा एक तुकडा कुणी तरी कधीचा उखडून ठेवला होता. तिथून वळायला बंदी होती. तशी पाटीही होती. टॅक्सीवाल्यानं डावीकडच्या पदरातून सगळ्यांना आडवं जात गाडी त्या फटीत घुसवली. दोन्हीकडून शिव्या आल्या. धाकटीनं डोळे मिटले आणि उघडले तेव्हा ती पलीकडच्या रस्त्यावर होती, ताईच्या घराच्या दिशेनं.

"जोरात घ्या," ती म्हणाली.

त्यानं घेतली. कधी उजवीकडून, कधी डावीकडून, एकदा तर दोन गाड्यांच्या मधून. एरवी असं कुणी चालवताना दिसलं असतं तर तिनं खिडकीतून हात आपटले असते. आत्ता मात्र पुढची प्रत्येक मंद गाडी तिच्या छातीवर येऊन बसत होती. "हा का रेंगाळतोय? काढा ना बाजूनं," ती म्हणत होती, आणि हे आपणच म्हणतोय हे तिच्या ध्यानात येत नव्हतं.

पांढरे पट्टे दिसले. त्यांच्या पुढे तीसेक पावलांवर ताईचं फाटक. आणि पट्ट्यांवर एक म्हातारा उतरला होता. हातात कापडी पिशवी, दुसरा हात वर केलेला. दोन पावलं तो आलाही होता.

टॅक्सीचा वेग उतरला.

"म्हातारा आहे," टॅक्सीवाला म्हणाला. "जाऊ द्यायचा?"

एवढंच. त्यानं विचारलं, आणि उत्तर तिनं द्यायचं होतं.

"हॉर्न द्या," धाकटी म्हणाली. "चला."

हॉर्न वाजला. म्हातारा दचकला, मागे सरला, फुटपाथच्या कडेला त्याची टाच अडली. धाकटीनं मागच्या काचेतून पाहिलं. तो खाली बसला होता, एक पाय पुढे पसरून, आणि पिशवी त्याच्यापासून लांब.

टॅक्सी फाटकापाशी थांबली. मागच्यांनी लगेच हॉर्न सुरू केले. ती उतरली. म्हातारा तिथून दिसत होता. तीस पावलं. मधे रस्ता नव्हता, काही नव्हतं, सरळ फुटपाथ होता. ती फाटकात वळली आणि जिना चढायला लागली.

ताई खिडकीखाली आडवी होती. डोळे उघडे, डावा गाल ओघळलेला. "आलीस," ती म्हणाली. धाकटीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, दार सताड उघडं ठेवलं आणि वाट पाहायला लागली.

पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. मग भोंगा ऐकू आला. धाकटीनं ताईच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि खिडकीतून वाकून पाहिलं. रुग्णवाहिका दिसत होती. लांब, गाड्यांच्या मधे, जागच्या जागी ओरडत. कुणी बाजूला होत नव्हतं. जागा मिळेल तिथे जो तो स्वतःच पुढे सरकत होता. एक मोटारसायकल तर तिच्या पुढे घुसून तिच्याच वाटेनं वळवळत निघाली. धाकटी वरून ओरडली, "अरे, जाऊ द्या रे तिला! जाऊ द्या!" तिचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंतही पोचला नसेल.

मग तिची नजर खाली पट्ट्यांकडे गेली. फुटपाथच्या कडेला कुणी नव्हतं. पिशवीही नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद चाळला आणि विचारलं, "पडल्या किती वाजता?"

"पावणेनऊला मला कळलं."

"थोडं आधी आणता आलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "जिवाचा धोका टळलाय. हात आणि पाय, बघू किती साथ देतात ते."

दुसऱ्या दिवशी ताईचे कपडे न्यायला धाकटी तिच्या घरी गेली. आता ती पाहुण्यासारखी बसनं, लांबच्या वळणानं आली होती. कपडे घेऊन खाली उतरल्यावर ती फुटपाथवरून तीस पावलं चालली. पट्ट्यांसमोर एका पंक्चरवाल्याचं दुकान होतं. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता.

"काल सकाळी इथं कुणी पडलं होतं का हो? वयस्कर गृहस्थ?"

"किती वाजता?"

"नऊच्या सुमाराला."

त्यानं ट्यूब फिरवली. "नऊचा मला माहीत नाही, बाई. साडेदहाला एक पडला होता. संध्याकाळी एक बाई. रोज कुणी ना कुणी पडतंच. तुमचे होते का कोणी?"

"नाही," धाकटी म्हणाली. आणि तरी तिथेच उभी राहिली, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागेपर्यंत.

दवाखान्यात ताईला उशीला टेकवून बसवलं होतं. बोलणं कालच्यापेक्षा सुटं झालं होतं. डावा हात चादरीवर होता, कुणी तिथे विसरून गेल्यासारखा. धाकटीनं तो उचलून ताईच्या मांडीवर नीट ठेवला आणि बोटं एकेक करून सरळ करायला लागली.

"मला एक सांग," ताई म्हणाली. "त्या वेळेला, त्या गर्दीत तू आलीस कशी? मी पडल्या पडल्या तोच विचार करत होते. म्हटलं, ही काही पोचत नाही."

"आले खरी."

"थांबलं का गं कुणी?"

धाकटी करंगळीपर्यंत आली होती. करंगळी परत मिटत होती.

"हो," ती म्हणाली. "एक म्हातारे गृहस्थ थांबले."

ताईच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली. "बघ," ती म्हणाली. "असतात गं अशी माणसं."

धाकटीनं करंगळी पुन्हा उघडली आणि आपल्या हातात धरून ठेवली.