दमलेल्यांचं बाकडं

मी साळूबाईच्या चहाच्या टपरीपुढचं बाकडं आहे. बाकडं म्हणजे खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं. पण मी जन्मानं फळी, अस्सल सागवानी फळी. त्यामुळं बोलते मी बाईसारखीच. छावणीतल्या जुन्या हॉकी मैदानाचं लोखंडी फाटक आहे ना, त्याच्या अगदी समोर माझी जागा.

कन्नडच्या बाजूनं आलेल्या एका ओंडक्यातून मला वखारीत कापलं. करवत फिरली तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण सुतारानं रंधा मारून झाल्यावर माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, ही दारा-खिडक्यांत घालायची नाही, ही मैदानावर जाऊ दे. अशी मी हॉकीच्या गोलची फळी झाले. जाळीच्या तळाशी, जमिनीला टेकून उभी असते ती. चेंडू गोलात शिरला की माझ्यावर आदळायचा आणि असा 'खट्ट' आवाज व्हायचा की मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही उठून उभा राहायचा. पंचाची शिट्टी मागाहून वाजायची. गोल झाला हे जगाला आधी मी सांगायचे. एवढा मान फार थोड्या लाकडांच्या वाट्याला येतो.

फौजींचे संघ माझ्यासमोर खेळले, कॉलेजची पोरं खेळली, मोहल्ल्या-मोहल्ल्यातले भिडू खेळले. मग एका वर्षी मुली आल्या. पहिल्या दिवशी कडेला उभी असलेली माणसं हसली. एका मुलीनं मारलेला चेंडू माझ्या उजव्या कडेला लागला, तिथं अजून खोलगट वण आहे. त्यानंतर हसणं थांबलं.

पुढं लोखंडी गोल आले आणि मला काढून सामानाच्या खोलीमागं टाकलं. तिथं मैदान दाबायचा एक मोडका रूळ होता, फाटकी जाळी होती आणि वाळवी होती. पावसाळे गेले, माझी एक कड पोखरली गेली. मी तिथंच माती झाले असते. पण साळूबाईला टपरीपुढं बसायला काहीतरी हवं होतं. तिनं मैदानाच्या रखवालदाराला विचारलं आणि तिच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, मला खांद्यावर टाकून आणलं. वाळवी लागलेली कड कापून टाकली, बाभळीचे चार पाय लावले. साळूबाईनं ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि म्हणाली, "लई सोसलंय हिनं. आता बसू द्या माणसांना."

तेव्हापासून मी माणसं पेलते. माणसं खेळतात तेव्हा एक असतात आणि खेळाबद्दल बोलतात तेव्हा दुसरीच असतात, हे मला बाकडं झाल्यावर कळलं.

माझ्यावर रोज संध्याकाळी दोघं बसतात. डाव्या टोकाला आप्पासाहेब. शेती खुलताबादला, मुलगा शहरात नोकरीला, म्हणून ते इथं राहतात. पण जीव डोंगरावरच्या गावात. खुलताबादच्या मुलींचा संघ म्हणजे त्यांचा प्राण. उजव्या टोकाला सदाशिवराव. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि पक्के छावणीच्या संघाचे. दोघंही हॉकीवर असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांनी देशाला चषक आणून दिले असतील. तरुणपणी दोघंही ह्याच मैदानावर खेळायचे. दोघांपैकी कुणाचाही चेंडू मला कधी लागला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलींची मोठी लीग भरली होती. खुलताबाद आणि छावणी, दोन्ही संघ प्लेऑफपर्यंत पोचले आणि एकाच दिवशी दोन्ही हरले. खुलताबाद सकाळी परभणीकडून हरलं. त्यांची सोनिया, मधल्या फळीचा कणा, मांडीचा स्नायू ओढला गेला तरी लंगडत खेळत होती. दुपारी छावणी जालन्याकडून हरली. त्यांच्या गोलकीपरचं, हिमानीचं, डाव्या हाताचं बोट चेंडू लागून मोडलं, ती तशीच शेवटपर्यंत उभी राहिली आणि गोल होत गेले.

त्या संध्याकाळपासून माझ्यावर जी जुंपली ती थांबेना. आप्पासाहेबांचं म्हणणं, खुलताबादच्या पोरींना सलग सामने खेळावे लागले, पहाटे उठून घाट उतरून यावं लागलं, त्या दमल्या होत्या. छावणीच्या पोरी घरून चालत मैदानावर येतात, त्यांना हरायचं कारणच काय. सदाशिवराव म्हणायचे, दमणं हे कारण झालं का, दम वाढवायचा असतो. हाड मोडणं हे खरं कारण. हिमानीचं बोट शाबूत असतं तर जालन्याला एक गोल करता आला नसता. चहा पिणारे बाकीचेही दोन बाजूंना वाटले गेले. कुणाची दुखापत मोठी, कुणाचा थकवा खरा, ह्याचाच हिशेब. जिंकलेल्या परभणीचं आणि जालन्याचं नावही कुणी काढत नव्हतं.

बोलता बोलता माणसं घसरतात. एका संध्याकाळी सदाशिवराव म्हणाले की सोनियाचं लंगडणं हार दिसायला लागल्यावरच सुरू झालं. आप्पासाहेब गप्प बसणारे नव्हते. ते म्हणाले, बोटाला पट्टी काय, कुणीही बांधून घेतं. पट्टीच्या आत काय आहे कुणी पाहिलंय.

नेमकी त्याच वेळी मागं एक स्कूटर येऊन थांबली होती. सोनिया चालवत होती, मागं हिमानी. दोघी एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. मैदानावर एकमेकींच्या वैरिणी आणि मैदानाबाहेर एका डब्यात जेवणाऱ्या. दोघींनी सगळं ऐकलं होतं.

हिमानी सदाशिवरावांच्या शेजारच्या घरातली. ती पुढं आली, बांधलेलं बोट आप्पासाहेबांसमोर धरलं आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, सोडून दाखवू का?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. सदाशिवराव चष्मा पुसायला लागले. दोघं आपापल्या टोकाला सरकले आणि मध्ये जागा झाली. तिथं त्या दोघी बसल्या. सोनियानं दुखरा पाय हातानं उचलून सरळ ठेवला. चालताना तिचा पाय किती दुखतोय हे लोकांना दिसत होतं. बसताना किती दुखला, ते मला कळलं.

त्यांच्या बोलण्यातून समजलं की लीगवाल्यांनी एक तोडगा काढलाय. तिसऱ्या जागेसाठी खुलताबाद विरुद्ध छावणी सामना व्हायचा होता. जो जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार. पण दोन्हीकडच्या मुली जखमी, दोन्हीकडच्या दमलेल्या. म्हणून सामना रद्द करून चिठ्ठी टाकावी, ज्याचं नाव निघेल तो संघ जाईल. दोन्ही कर्णधारांनी उद्या होकार कळवायचा. आणि कर्णधार ह्याच दोघी.

आप्पासाहेबांना ते पटलं. सदाशिवरावांनाही पटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. पोरींचे हाल नकोत, चिठ्ठी बरी, असं दोघंही म्हणाले. त्यात माया होती, नाही असं नाही.

सोनियानं बशीत ओतलेला चहा संपवला. मग म्हणाली, "आप्पा, चिठ्ठीत निघालेली जागा गावात जाऊन काय म्हणून सांगू? नशीब खेळलं, आम्ही बसून होतो म्हणून?"

हिमानीनं होकारानं मान डोलावली. तिथंच, माझ्यावर बसून, त्यांनी ठरवलं. दोघींनी फोन करून कळवलं की चिठ्ठी नको, सामना खेळणार.

नवं हिरवं टर्फ त्या रविवारी दुसऱ्या स्पर्धेला दिलेलं होतं, म्हणून सामना जुन्या मातीच्या मैदानावर ठरला. राखीव खेळाडूंना बसायला तिथं काही नव्हतं. साळूबाईनं सोमनाथला हाक मारली आणि दोघांनी मला दोन टोकांना धरून रस्ता ओलांडला. कित्येक वर्षांनी मी फाटकाच्या आत गेले. ह्या खेपेला गोलच्या मागं नाही, मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेपाशी. बाकडं एकच, म्हणून दोन्ही संघांना मीच.

त्या दिवशी मी जे पेललं ते आजवर कधी पेललं नव्हतं. मुली धावून यायच्या, धपकन बसायच्या, घाम माझ्या रेषांत मुरायचा. कुणाचे गुडघे थरथरायचे ते माझ्या पायांपर्यंत पोचायचं. पाण्याचा घोट घशाखाली उतरायच्या आत त्या पुन्हा उठायच्या. दमणं म्हणजे काय, ह्यावर आठवडाभर चर्चा ऐकली होती. ते खरोखर कसं असतं हे मला त्या सकाळी कळलं.

हिमानीला डॉक्टरांनी खेळायची मनाई केली होती. ती पूर्ण वेळ माझ्यावर बसून राहिली. तिच्या जागी गोलमध्ये दीपमाला होती, जिला आजवर सामन्यात उभं राहायला मिळालंच नव्हतं. सोनिया मात्र मांडीला पट्टा आवळून उतरली. पूर्वार्धात तिनं मधून असे चेंडू काढून दिले की सदाशिवरावांच्या तोंडूनही वाहवा निघाली. खुलताबादनं एक गोल केला. उत्तरार्धात छावणीनं पेनल्टी कॉर्नरवर तो फेडला. आणि त्यानंतर सोनिया एका चेंडूमागं वळली आणि तिथंच खाली बसली. पाय धरला गेला होता. दोघींनी तिला उचलून आणलं आणि माझ्यावर बसवलं, हिमानीच्या शेजारी.

दोन कर्णधार, एक बाकडं. हिमानीनं आपल्या चांगल्या हातानं तिच्या मांडीवर बर्फाची पिशवी दाबून धरली. दोघींचे डोळे मैदानावर.

सोनियाच्या जागी प्रेरणा गेली. संघात सगळ्यात नवी. राहिलेला वेळ खुलताबादच्या मुलींनी जो किल्ला लढवला, तसा मी गोलची फळी असतानाही पाहिला नव्हता. चेंडू अंगावर घेतले, मातीत लोळल्या, उठल्या. बरोबरी सुटली नाही. शूटआऊट आलं. एक खेळाडू, एक गोलकीपर, मध्ये मोकळी जमीन.

शेवटचा प्रयत्न प्रेरणाचा होता. ती चेंडू घेऊन निघाली, दीपमालाला एका बाजूला खेचलं, दुसऱ्या बाजूनं मारला. दीपमालानं पडता पडता पाय लांब केला. चेंडू पॅडला लागून बाहेर गेला. छावणी जिंकली.

मैदानावर एकच गोंधळ झाला. सदाशिवराव धापा टाकत माझ्यापाशी आले आणि हिमानीला म्हणाले, बघ, तू नसताना जिंकलो, तू असतीस तर इथवर वेळच आली नसती.

हिमानी म्हणाली, "काका, दीपमाला होती ना."

सदाशिवराव वळले आणि गर्दीतून वाट काढत दीपमालाकडं गेले. तिच्याशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि त्यांनी तिचं हेल्मेट दोन्ही हातांत धरून ठेवलं, एवढं दिसलं.

इकडं आप्पासाहेब सोनियाजवळ उभे होते. म्हणाले, तुझा पाय धरला म्हणून घात झाला पोरी, नाहीतर आज आपलाच दिवस होता. आणि प्रेरणाकडं बघून काही बोलणार, एवढ्यात सोनियानं त्यांचा हात धरला.

"नाय आप्पा, तसं म्हणू नका. मी बाहेर बसल्यावर पोरी जशा खेळल्या तशा आम्ही अख्ख्या लीगमधी खेळलो नव्हतो. माझ्या पायाचं कारण पुढं केलं तर त्यांचं खेळणं त्याच्याखाली झाकून जाईल. त्या चांगलं खेळल्या. समोरच्या दोन बोटं जास्त चांगलं खेळल्या. हरलो. तेवढंच सांगा गावात."

आप्पासाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. मग प्रेरणाला जवळ बोलावलं. ती रडत होती, मातीनं माखलेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आम्ही हरलो, बेटा. पण काय खेळलो."

इतकी वर्षं मी माणसांची बोलणी ऐकतेय. संघ जिंकला की माणूस म्हणतो, आम्ही जिंकलो. हरला की म्हणतो, पोरी हरल्या. हरल्यावर 'आम्ही' म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि तो माझ्याच डाव्या टोकाला बसणारा होता. माझी छाती असती तर फुगली असती.

छावणीच्या मुली राज्य स्पर्धेला गेल्या. जाताना हिमानीनं सोनियाचा मांडीचा पट्टा मागून नेला आणि खुलताबादही सोबत असावं म्हणून दीपमालाला बांधायला दिला. तिथं त्या दोन सामने जिंकल्या, तिसरा हरल्या. परत आल्यावर सदाशिवरावांनी टपरीवर तो तिसरा सामना सांगितला. समोरच्या संघानं गोल कसा केला हे त्यांनी माझ्यावर चहाचे पेले मांडून दाखवलं. कुणाचं काय दुखत होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आप्पासाहेबांनी विचारलंही नाही.

भांडण अजून चालतं, गैरसमज नको. छावणी भारी की खुलताबाद, ह्याचा निकाल माझ्या हयातीत लागणार नाही आणि लागू नये. फक्त आता ते चेंडू कुणी कुठून मारला, कुणी अडवला, ह्यावर भांडतात. ऐकायला गोड वाटतं.

माझं म्हणाल तर वय झालंय. मागचा एक पाय चिरलाय, सोमनाथनं तारेनं आवळलाय. साळूबाईला कुणीतरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, खुर्चीवर माणूस एकटा बसतो. विषय तिथंच संपला.

यंदाची लीग सुरू झालीये. सोनियाचा पाय बरा आहे, हिमानीचं बोट जरा वाकडं जुळलंय पण मुठीत स्टिक बसते. इकडं कधी आलात तर साळूबाईचा चहा घ्या, माझ्यावर बसा, मनसोक्त वाद घाला. मला आवडतं. एवढंच, कडेला जरा सरकून बसा. आतला सामना आत्ताच सुटलाय आणि दोन्हीकडच्या पोरी फाटकातून इकडंच यायल्यात.