गिनी कोंबड्यांची मालकीण

कौशल्याने फाटकाची कडी काढली आणि काठी आत टेकवली, तोच विलायती चिंचेखालच्या साऱ्या गिनी कोंबड्यांनी एकदम कालवा सुरू केला. राखाडी अंगावर पांढरे ठिपके आणि वर बोडकी डोकी. एवढ्याशा डोक्यातून पत्रा कापल्यासारखा आवाज कसा निघतो ते देवच जाणे. माना ताणून सगळ्या तिच्याकडेच पाहत होत्या. गॅसवाला आला की त्या अशाच ओरडायच्या, साप निघाला की अशाच. घरच्या माणसावर कधी नाही.

"अगं, मी आहे," ती म्हणाली.

आवाज वाढला. समोरच्या नव्या बिल्डिंगच्या बाल्कन्यांत माणसं आली. रिक्षावाल्याने तिची पिशवी फाटकापाशी ठेवली आणि विचारलं, "मावशी, घर हेच ना?"

कौशल्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो रिक्षा वळवून गेला.

बद्रीनाथ, तिचा नवरा, बनियनवरच बाहेर आला. तिला पाहून तो आधी दचकला आणि मग हसला, आणि हा क्रम कौशल्याच्या नजरेतून सुटला नाही. कोथरूडहून एकटी आलीस का, योगेशला सांगितलंस का, गुडघ्याचं काय, असं बरंच काही त्याने विचारलं. गुडघा नवा बसवल्यापासून सुनेने, मैत्रीने, तिला साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लावले होते. त्यातल्याच एकाची ओढणी सावरत, एकेक पायरी चढत ती ओटीवर पोचली, तोवर कोंबड्या मागून ओरडतच होत्या.

योगेश आणि मैत्रीचं म्हणणं असं की आईने आता कोथरूडलाच राहावं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, बाबाही हळूहळू येतील. विश्रांतवाडीच्या पलीकडचा तो घराखालचा जमिनीचा तुकडा आज ना उद्या कोणी बिल्डर घेणारच आहे. कौशल्याकडे या सगळ्यावर एकच उत्तर होतं: माझ्या पाखरांना कोण बघणार? हे उत्तर तिने सबंध पावसाळाभर वापरलं. पण फोनवर बद्रीनाथ दरवेळी सांगायचा, इथलं सगळं व्यवस्थित आहे, रुपाली बघते, तू घाई करू नकोस. या "घाई करू नकोस"ने तिची झोप उडवली होती. शेवटी मैत्री आंघोळीला गेलेली पाहून तिने पिशवी भरली आणि खाली जाऊन रिक्षा केली.

गिनी कोंबड्या पाळणं म्हणजे लग्नातले वऱ्हाडी सांभाळणं. येतात थव्याने, जातात थव्याने, बोलवावं तिकडे जात नाहीत, आणि रुसल्या तर गावभर ऐकू जातं. कौशल्याने त्यांची अंडी आळंदी रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याकडून आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. पहिल्या खेपेला सकाळच्या दवात भिजून निम्म्या पिल्लांनी माना टाकल्या. दुसऱ्या खेपेला तिने ती उन्हं चढेपर्यंत बाहेरच सोडली नाहीत, आणि मोठी झाल्यावरही बरेच दिवस कोंडून ठेवली, कारण जागा अंगवळणी पडण्याआधी सोडली की ही जात निघून जाते, ती परत येत नाही. घाणेरीच्या झुडपात लपवलेली अंडी ती हाताने न उचलता लांब दांड्याच्या पळीने काढायची; माणसाचा हात लागला की ती जागा त्या सोडतात, असं त्या शेतकऱ्याने बजावलं होतं. आणि एवढं सगळं केल्यावर आता रुपाली बघत होती. आयत्या बिळावर नागोबा.

रुपाली म्हणजे मागच्या दोन खोल्यांतली भाडेकरीण. यवतमाळकडची, नवरा संतोष चाकणला कंपनीत, पाळीप्रमाणे कधी दिवसा घरी तर कधी रात्री. उन्हाळ्यापर्यंत या पोरीला कोंबडा कुठला नि तलंग कुठली ते कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी कौशल्या आतल्या खोलीत पाय लांब करून पडली होती. गुडघा रिक्षातल्या धक्क्यांनी ठणकत होता. बाहेर कोंबड्यांची दिवसभराची किरकिर चालू होती. मग मागच्या बाजूने रुपालीचा आवाज आला: "आऽ, ये ये ये." हाक कौशल्याची होती, सूर परका होता. आणि किरकिर थांबली. एकदम सगळ्या गप्प झाल्या. नंतर खुराड्याचं दार लागल्याचा आवाज आला.

कौशल्या काठी शोधून ओटीवर येईपर्यंत बाहेर कोणीही नव्हतं. खुराड्यात पिवळा दिवा लागलेला होता.

"हे काय?"

"रुपालीची आयडिया," बद्रीनाथ कौतुकाने म्हणाला. "अंधाऱ्या खुराड्यात त्या शिरत नाहीत म्हणे. दिवा लावल्यापासून एकही झाडावर बसत नाही. एकही गेली नाही बघ, सबंध पावसाळ्यात."

कौशल्याच्या वेळी निम्म्या खुराड्यात जायच्या आणि निम्म्या चिंचेवर बसायच्या. चिंचेवरची एखादी अधूनमधून घुबड न्यायचं. तेव्हा बद्रीनाथ म्हणायचा, नशीब. तेव्हा त्याला दिव्याचं सुचलं नव्हतं, आणि कौतुकही. त्याने पुढे सांगितलं की बिल्डिंगवाले आवाजाची तक्रार घेऊन आले, तर रुपालीने त्यांना अंडी देऊन आणि गोड बोलून परत पाठवलं. कौशल्या ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. पोटात दुखतं म्हणतात ते हेच, हे तिचं तिलाही कळत होतं, म्हणून तर राग आणखी वाढत होता.

सकाळी रुपाली अंड्यांची परडी घेऊन आली. गाऊनवर ओढणी, केस ओले. गुडघ्याची चौकशी केली, वाकून पाया पडली. कौशल्याने परडी घेतली आणि सांगितलं की आता मी आले आहे, तेव्हा संध्याकाळपासून तू येऊ नकोस.

रुपाली घुटमळली.

"काकू, एक सांगू का? त्या एकदम येणार नाहीत तुमच्याजवळ. त्यांना आधी..."

"माझ्या कोंबड्यांचं मला सांगतेस?"

रुपालीने बद्रीनाथकडे पाहिलं. त्याने पेपर वर केला. मग ती गेली.

संध्याकाळी कौशल्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे खुराड्यातला दिवा काढला. दिवाळी आहे का, असं ती पुटपुटली. मग बाजरीचा डबा वाजवत तिने हाक मारली. कोंबड्या घाणेरीपाशी जमल्या आणि तिच्याकडे पाहून ओरडू लागल्या. ती पुढे सरकली की त्या तेवढ्याच मागे सरायच्या. तिने बाजरी टाकली, लाडाने बोलावलं, मग शिव्याही दिल्या. बिल्डिंगमधून कोणीतरी ओरडलं, "अहो, त्या रोजच्या बाईंना बोलवा ना." उजेड कमी झाला तशा त्या एकेक करत फडफडत चिंचेवर चढल्या. कौशल्या खाली उभी राहून वर पाहत राहिली. काठीने फांदी हलवण्याचाही प्रयत्न तिने केला.

बद्रीनाथ ओटीवरून म्हणाला, रुपालीला हाक मारू का?

"मारून बघा," कौशल्या म्हणाली. त्याने मारली नाही.

सकाळी चिंचेखाली पिसं पडली होती. बरीच. ठिपक्याठिपक्यांची, काही मुळाशी रक्ताळलेली. थव्याच्या पुढे चालणारी थोराड मादी कुठेच नव्हती. बद्रीनाथने खाली बसून पिसं गोळा केली. तो तिला काही बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. झाडाच्या खालच्या फांद्यांना बांधायला जाळी आणतो, यायला संध्याकाळ होईल, एवढंच सांगून तो स्कूटर काढून रविवार पेठेकडे गेला.

कौशल्या मागच्या खोल्यांकडे निघाली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. चूक झाली म्हणायचं की दिव्याची सवय तूच लावलीस म्हणून भांडायचं, दोन्ही तयार होतं. पण रुपालीच्या दाराशी पोचेपर्यंत दोन्ही विसरायला झालं, कारण तारेवर तिची स्वतःची जांभळी वायल साडी वाळत होती. काठ विरलेला, पदराला रफू. रोज कोंबड्यांत नेसायची तीच.

"ही इथं कशी?"

रुपाली पीठ मळत होती. हात तसेच घेऊन ती बाहेर आली.

"काकांनी दिली."

कौशल्याने तारेवरचा पदर हातात घेतला. एखादी नवी साडी दिली असती तर तिने इतकं मनावर घेतलं नसतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. ही तिच्या घामाची साडी होती. ती खुंटीवरून काढताना बद्रीनाथच्या मनात काय असेल, ती देताना तो काय म्हणाला असेल, रुपालीने ती नेसून दाखवल्यावर त्याने कसं पाहिलं असेल, हे सगळं तिच्यासमोर उभं राहिलं.

"बसा न काकू," रुपाली म्हणाली. "तेच तर सांगून राहिली होती मी काल. सुरुवातीला मला पाहून अशाच ओरडायच्या. दाणा टाकला तरी येत नव्हत्या. मग काका म्हणाले, हिची साडी नेसून बघ, डोक्यावरून पदर घे तिच्यासारखा. त्या दिवसापासून गप. रोज तीच नेसते मी, संध्याकाळपुरती."

"मला का नाही सांगितलं?"

"काका म्हणाले, सांगू नको. उगाच मनाला लावून घेईल."

कौशल्या पायरीवर बसली. रुपालीने हात धुतले, पाणी आणून दिलं, आणि शेजारी उकिडवी बसून म्हणाली, "त्यांना मी माहीतच नाही न काकू. त्यांच्या हिशोबानं तुम्हीच होत्या इथं, सगळा पावसाळा."

हे वाक्य कौशल्याला पाण्याबरोबर आत गेल्यासारखं वाटलं. कोंबड्या तिला विसरल्या नव्हत्या. त्या पंजाबी ड्रेसवर ओरडल्या होत्या, एवढंच. तिने रुपालीच्या पाठीवरून हात फिरवला, पोळ्या होईपर्यंत तिथेच बसली, आणि निघताना घडी करून साडी घेतली. दिव्याचंही कबूल केलं. पिसांचंही सांगितलं.

संध्याकाळी तिने आधी दिवा परत लावला. मग साडी नेसली. गुडघा वाकत नसल्याने निऱ्या घालायला बराच वेळ गेला. साडीला रुपालीच्या साबणाचा वास होता. झाडाखाली अंगावर घाण पडते म्हणून पूर्वी घ्यायची तसा तिने डोक्यावरून पदर घेतला, काठी खुराड्याच्या भिंतीला लावून ठेवली आणि डब्यातून मूठभर बाजरी काढली.

"आऽ, ये ये ये."

घाणेरीतून एक आली. मग तिच्यामागून सगळ्या आल्या, घाईघाईने, माना पुढे काढून, एकमेकींना ढकलत. एकही ओरडली नाही. तिच्या पायांत घोटाळत त्या दाणे टिपू लागल्या. एकीने तिच्या पावलावर पाय देऊन पलीकडचा दाणा उचलला. कौशल्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. कोथरूडला फोन करायचा, आजच करायचा, आणि योगेशला सांगायचं की मी आता इथेच राहणार. तिने मनातल्या मनात वाक्यंही जुळवली.

फाटक वाजलं. स्कूटर आत आली, जाळीचं भेंडोळं जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला. कोंबड्यांनी मान वर केली नाही. बद्रीनाथची पावलं तिच्या मागे थोड्या अंतरावर येऊन थांबली. उजेड संपत आला होता.

"आलीस? बरं केलंस," तो म्हणाला.

आवाज हलका होता, समजूत घालण्याचा. असा आवाज त्याच्याकडे आहे, हे कौशल्या पार विसरून गेली होती.

"तिचं मनाला लावून घेऊ नकोस, रुपाली," तो म्हणाला. "मी योगेशला फोन केलाय. रविवारी येतोय तो तिला न्यायला. मग आपलं नेहमीसारखं."

मग जाताना चहा घेऊन जा, असं सांगून पायऱ्या चढून आत गेला. स्वयंपाकघरात दिवा लागला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

कौशल्या वळली नाही. डब्यातली बाजरी संपली होती. तरी ती मूठ भरत होती आणि खाली सोडत होती, आणि कोंबड्या तिच्या पायांशी गुपचूप टिपत होत्या.