मला पुसणारा माणूस

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जन्म विलायतेतला, पण सगळं आयुष्य गेलं सोलापुरात. माझ्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. माझा मालक हिंदुराव ते नाव दिवसभरात इतक्या वेळा आणि इतकं तोंड भरून घेतो, की मला त्याची शिसारी आली आहे. काळा रंग, गोल मडगार्ड, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांब फळ्या आणि पुढे पातेल्याएवढाले दिवे. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघतात. बघोत बापडे. बघण्यासाठी मला कुणी बनवलं नव्हतं.

माझे पहिले मालक सिद्रामप्पा डॉक्टर. स्वातंत्र्याच्या आधीपासून त्यांनी मला अक्कलकोटच्या बाजूच्या गावांतून पळवलं. कच्चे रस्ते, ओढे, काटेकुटे. पेशंटशी ते कानडीत बोलत आणि माझ्याशी अजिबात बोलत नसत. मला कधी थोपटलं नाही, माझ्यावरून मायेने हात फिरवला नाही. धूळ तर बोटभर साचलेली असे. पण निघण्याआधी तेल, पाणी आणि ब्रेक पाहिल्याशिवाय त्यांनी कधी दार लावलं नाही. माझ्या मागच्या सीटवर माणसं ओकली, रडली, बरी झाली. वळसंगच्या अलीकडे एक पोरगी जन्मली. एका धनगराने तर आपली आजारी शेळी बरोबर घेतल्याशिवाय दवाखान्यात यायला नकार दिला, तेव्हा डॉक्टरांनी शेळीलाही माझ्यात घेतलं. शेळीने सीटचा कोपरा खाल्ला. मला त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टर गेले आणि मी त्यांच्या परसातल्या पत्र्याखाली पडून राहिले. मुलं परगावी. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की इथे मी डोळ्यांतून पाणी काढीन. मुळीच नाही. त्या कोंबड्यांबद्दल मला आजही आदर आहे. त्यांना आडोसा हवा होता, माझ्याकडे तो होता.

मग सत्तर सालाच्या सुमारास हिंदुराव आला. लाकडाच्या वखारीचा मालक, मूळचा वेळापूरकडचा. शेतकऱ्याच्या घरातून शहरात येऊन स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी, कारण पुढे तशा फार येणार नाहीत. त्याने मला पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. कोंबड्या हुसकून त्याने माझ्याभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घातली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याने माझा रंग नवा केला, पितळ घासलं, शेळीने खाल्लेली सीट बदलली. काचेवर डॉक्टरांचं लाल फुलीचं चिन्ह होतं, ते ब्लेडने खरवडून काढलं. आणि लोकांना सांगू लागला की ही एका संस्थानच्या राणीसाहेबांची गाडी. राणीसाहेब कुठल्या, ते ऐकणाऱ्याप्रमाणे बदलत असे. माझ्यात जन्मलेली पोरगी, ती शेळी, ते ताप चढलेले म्हातारे, सगळे एका ब्लेडने गेले आणि त्यांच्या जागी एक राणी येऊन बसली. माझ्यासारख्या गाडीला असल्या राणीचा काय उपयोग?

दर रविवारी सुताचा व्यापारी वीरभद्रप्पा आपली उघड्या टपाची मोटार घेऊन येई. मग दोघे खुर्च्या टाकून बसत आणि आताच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे, जुनं लोखंड ते जुनं लोखंड, हे पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगत. वीरभद्रप्पाची गाडी कुठल्या गोऱ्या कलेक्टरची होती म्हणे. एकाने खोटं सांगायचं आणि दुसऱ्याने मान डोलावून ऐकून घ्यायचं, कारण पुढची पाळी त्याची असते. जुन्या गाड्यांचे शौकीन एकमेकांना इतका मान का देतात, याचं मला सापडलेलं कारण एवढंच.

अशाच एका रविवारी हिंदुराव खरं बोलला. तो लहान असताना गावात जहागीरदाराची मोटार आली होती. पोरं भोवती जमली. हा फळीवर चढला. ड्रायव्हरने कान पिळून त्याला सगळ्या गावादेखत मातीत ढकललं. "तवाच ठरिवलं व्हतं," तो म्हणाला, "आपली असली गाडी आन् फळीवर आपला पाय." गोष्ट वाईटच आहे, मी मान्य करते. पण कान पिळला दुसऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने, आणि त्याची भरपाई मी का द्यावी?

शिवाय ज्या पोराला फळीवरून ढकललं, तोच मोठा होऊन फळीवर कुणाला पाय ठेवू देत नव्हता. शेजारची पोरं जवळ आली की वखारीतून ओरडत यायचा. त्याची बायको सोनाबाई एकदाच माझ्यात बसली, तीही खाली चादरीची घडी घालून, सीट मळू नये म्हणून. दसऱ्याला हार घालून सात रस्ता चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच माझा प्रवास. एरवी सोलापुरी चादर पांघरून पत्र्याखाली उभी. तेल तो अधूनमधून बघायचा. रेडिएटरचं झाकण मात्र आतला गंज काढायला त्याने कधी उघडलं नाही. तो गंज बाहेरून दिसत नव्हता ना.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा पाऊस आला नाही आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा लवकर सुरू झाला. सोनाबाई टँकरच्या रांगेत उभी राहून कळशी-कळशीने पाणी आणत होती. त्या पाण्यातली अर्धी बादली हिंदुराव रोज सकाळी माझ्यावर घालत होता. ती उंबऱ्यात उभी राहून बघायची आणि रिकामी कळशी उचलून पुन्हा रांगेला जायची. मला त्या पाण्याची लाज वाटायची, मित्रांनो. अंगावरून ओघळून ते मातीत जायचं आणि हा फडकं पिळून माझ्यात आपलं तोंड बघायचा.

चैत्रात एका सकाळी वेळापूरहून गाववाला निरोप घेऊन आला. हिंदुरावची आई केराबाई धाकट्या मुलाकडे, भिमाकडे, वस्तीवर राहत होती. विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी पिऊन तिला जुलाब-उलट्या लागल्या होत्या. म्हातारी डोळे उघडत नव्हती. वस्तीवर ना गाडी, ना बैलांत तेवढी ताकद उरलेली.

हिंदुराव एसटीने जाऊ म्हणाला. सोनाबाई पहिल्यांदाच माझ्याकडे बोट दाखवून बोलली. "ही कशाला हाय मग? आत्यांना दवाखान्यात न्यायचं कशातनं?"

हिंदुरावने माझ्यावर पांघरलेली चादर ओढून काढली. तिने उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी फडकं बांधून घेतली आणि चादर न अंथरता माझ्यात येऊन बसली.

कितीतरी वर्षांनी मी मोठ्या रस्त्याला लागले. खरं सांगते, मला आनंद झाला. असल्या कामासाठीच तर मी होते. मी मोहोळपर्यंत नीट गेले. पंढरपूरच्या रस्त्याला वळलो आणि ऊन टाळूवर आलं. गंजाने तुंबलेल्या रेडिएटरमधून पाणी फिरेना. झाकणाखालून वाफ फुसफुसू लागली आणि मी थांबले. मी सूड घेतला असं समजू नका. मी जिवापाड ओढत होते. ज्या अंगाला त्याने कधी हात लावला नव्हता, तेच निकामी झालं होतं.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. ओढा कोरडा, विहीर कोरडी. हिंदुरावची नजर कळशीवर गेली.

"ती हिकडं दे," तो म्हणाला.

"आत्यांसाठी हाय."

"गाडी चालली न्हाय तर पोचायचं कसं?"

हे बोलणं बिनतोड वाटत होतं, म्हणून तिने कळशी दिली. त्याने अर्धी माझ्यात ओतली. ते पाणी चुर्र करत वाफ होऊन गेलं. त्याने हँडल मारलं, पुन्हा मारलं. काही झालं नाही. माझ्या आत काहीतरी तडकलं होतं. बाया हातोडे थांबवून त्या पाण्याकडे बघत राहिल्या. उरलेली अर्धी कळशी सोनाबाईने त्याच्या हातातून काढून घेतली.

तेवढ्यात अकलूजकडे दुष्काळी मदतीच्या खाऊची, सुकडीची, पोती घेऊन जाणारा ट्रक आला. सोनाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरने ऐकून घेतलं आणि तिला पुढे केबिनमध्ये बसायला सांगितलं. मग तो हिंदुरावला म्हणाला, "या की तुमीबी. जागा हाय."

हिंदुरावने ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याने माझ्या मडगार्डवर हात ठेवला. "हिला हितं अशी कशी सोडू?" तो म्हणाला. "पार्ट काढून न्हेतील."

ड्रायव्हरला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. सोनाबाईला तसं वाटलं नाही. ती कळशी मांडीवर घेऊन समोर बघत बसली आणि म्हणाली, "चला दादा."

ट्रक गेला. हिंदुराव माझ्या सावलीत बसला. दुपारच्या भाकरीला सुटलेल्या बायांपैकी एक पोक्त बाई जवळ आली आणि तिने विचारलं, कोण आजारी आहे एवढं?

"पाव्हण्यातलं कुणीतरी," हिंदुराव म्हणाला.

मित्रांनो, मी ओकलेली माणसं वाहिली आहेत, रक्ताने माखलेली वाहिली आहेत. इतकं घाण काही माझ्याजवळ कधी आलं नव्हतं. ज्याने आपली आई नाकारली, तोच माणूस पुढच्या क्षणाला आपल्या धोतराच्या सोग्याने माझ्या दिव्यावरची धूळ टिपत होता.

पुढची हकीकत मला नंतर कळली. ट्रकवाला वस्तीपर्यंत गेला. सोनाबाईने आणि भिमाने म्हातारीला पोत्यांवर निजवलं आणि वाटभर सोनाबाई कळशीतलं पाणी चमच्या-चमच्याने तिच्या तोंडात घालत राहिली. अकलूजच्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. म्हातारी वाचली. मला त्या वेळी बैल ओढत मोहोळच्या गॅरेजात नेत होते आणि हिंदुराव मागून चालत गाडीवानाला खड्डे चुकवायला सांगत होता.

केराबाईला थोडं बरं वाटल्यावर सोनाबाईने तिला सोलापूरला आणलं. वखारीच्या अंगणात, माझ्या पत्र्याशेजारच्या लिंबाखाली तिची बाज टाकली. मीही दुरुस्त होऊन परत आले होते. हिंदुराव आईसमोर यायचं टाळत होता. मेकॅनिक शोधायला गेलो होतो, मग एसटी चुकली, असं काहीतरी त्याने जुळवून ठेवलं होतं. माझ्याभोवती फिरत तो ते पुटपुटून बघायचा, म्हणून मला ठाऊक. बायको पोळी वाढत होती, पाणी देत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. त्यालाही तिने बोलावं असं वाटत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी म्हातारीनेच त्याला हाक मारली. तो बाजेजवळ जाऊन उभा राहिला आणि जुळवलेलं सांगू लागला. तिने त्याला मधेच थांबवलं.

"सोनानं सांगितलं मला," ती म्हणाली. तिचा आवाज अजून बारीकच होता. "बरं केलंस. एवढी गाडी, एकली टाकून कसं यायचं? कुणी न्हेली असती तर?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. ती खरोखरच लेकाची बाजू घेत होती. लेक मोठा झाला, त्याची मोटार झाली, मोटारीपाशी कुणीतरी थांबायलाच हवं, एवढा सरळ हिशोब. तिने हात लांब करून त्याच्या पायाला लागेल तिथे थोपटलं. सोनाबाई पितळी घेऊन आली होती, ती वळून आत गेली.

हिंदुराव तसाच उभा राहिला. आईने त्याला शिव्या दिल्या असत्या तर तो रडून मोकळा झाला असता आणि दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन आला असता. तिने त्याला काहीच करायला ठेवलं नाही.

पावसाळ्यापूर्वी केराबाई आपल्या वस्तीवर परत गेली, एसटीने. नंतर पेट्रोल महागलं आणि बऱ्याच शौकिनांचे शौक ओसरले. वीरभद्रप्पाने आपली मोटार मुंबईच्या कुणाला देऊन टाकली आणि माझ्यासाठीही गिऱ्हाईक घेऊन आला. माणूस चांगला होता, लग्नाच्या वरातींसाठी मला रोज चालवणार होता. मी मनातून निघायला तयार होते. सोनाबाई दारात येऊन उभी राहिली. तिलाही वाटलं, आता सुटलं.

हिंदुराव नाही म्हणाला. का, ते वीरभद्रप्पाने विचारलं. हा माझ्याकडे बघत म्हणाला, "हिच्यापायी लई सोडलंय, अप्पा. आता हिला सोडली तर काय राहिलं?"

तेव्हा मला कळलं की माणूस जुन्या गाडीला का चिकटून राहतो. फळीवरून ढकललेल्या पोरासाठी त्याने मला घेतलं असेल, पण ठेवलं ते त्या दुपारसाठी. मला विकलं असतं, तर त्या उन्हात तो कशासाठी थांबला होता हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. म्हणून मी मोलाची राहायलाच हवी. दर वर्षी थोडी जास्त मोलाची. तेव्हापासून त्याने मला दुप्पट घासलं आहे. मला त्याची कीव यावी असं तुम्हाला वाटत असेल. मी प्रयत्न करून पाहिला, मित्रांनो, येत नाही.

तर माझी तुम्हाला एवढीच विनंती. मला जपा असं मी म्हणत नाही, जपणूक मी पुष्कळ भोगली. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणीतरी तुम्हाला चकचकीत जुनी मोटार दाखवील, तिचं साल सांगेल, तिच्या राणीसाहेबांचं नाव सांगेल. तुम्ही सभ्यपणे ऐकून घ्या. आणि मग त्याला विचारा, ही घेऊन तुम्ही शेवटचं कुणाला आणायला गेला होता?