जनरल देझिनोर कुठे आहेत?

“खाली उतर रे ओस्तिनेल! रिकाम्या घराला कसली सफेदी करतोयस?”

मी जनरलच्या थडग्यावर उकिडवा बसून कुंचा फिरवत होतो. दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. खाली पायवाटेवर आदेमार वकील उभा होता. पांढऱ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून त्याने एक दगड निवडला होता आणि त्या एवढ्याशा दगडावर तो तोल सांभाळत होता. त्याच्या मागे मोजणीवाला, आणि त्याच्याही मागे आमच्या भागाचे शेफ दोर्विल, म्हणजे आमच्या डोंगरातले पोलीस आणि न्यायाधीश, दोन्ही एकाच टोपीखाली.

“काय म्हणालास?” मी विचारलं.

“जनरल शहरात आहेत. दफनभूमीत, संगमरवराखाली. माझे वडील दरवर्षी तिथे जाऊन रडायचे. इथे कोणी नाही. आणि कोणी नाही, तर जमीन कागदावर जाते. कागद माझ्याकडे आहेत.”

माझ्या हातातला कुंचा चुना गाळत राहिला. माझी पँट पांढरी झाली, ते मला नंतर कळलं.

जनरल वाल्सें देझिनोर हे माझे पणजोबा. त्या काळी आमच्या देशात जनरल उदंड होते, हे मी आधीच कबूल करतो. यांनी डोंगरातले दोनशे शेतकरी गोळा करून राजधानीवर नेले आणि एका माणसाला गादीवर बसवलं. तो चार महिन्यांत जहाजात बसून पळाला. यांचं जनरलपद मात्र राहिलं. मग ते परत आले, कॉफी लावली, आणि दर रविवारी गणवेश चढवून परत आलेल्या शेतकऱ्यांची कवायत घेऊ लागले. म्हणे, कोणी उशिरा आला तर स्वतः जाऊन त्याला झोपेतून उठवायचे. शहरात त्यांची चर्चमध्ये लग्न लावलेली बायको होती आणि इथे वर, मळ्यावर, सेलियान. कोणापासून काही लपवलेलं नव्हतं. वकील त्या बायकोचा पणतू, मी सेलियानचा. त्याच्या वाट्याला कागद आले. आमच्या वाट्याला तीन पितळी बटणं, एक तलवार, जिने माझी आत्या केळीचे घड उतरवायची, आणि हे थडगं.

आमच्याकडे डोंगरात कागद कोणी विचारत नाही. ज्या अंगणात हाडं, त्या अंगणातल्या माणसांचा मळा. त्यामुळे ते थडगं हाच आमचा कागद होता.

मी हातपंप दुरुस्त करतो. सहा गावांचे पंप माझ्याकडे आहेत. बाजारात मला सगळे ‘जनरल’ म्हणतात. “जनरलसाहेब, आमचा पंप शरण येत नाहीये, फौज घेऊन या,” असा निरोप येतो. हसतात, मीही हसतो. पण वॉशर बदलताना, ग्रीसने कोपरापर्यंत माखलेलो असताना मनात कुठेतरी बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

म्हणून मी थडग्यावरून उडी मारली आणि म्हणालो, “उघडा! आत्ता उघडा. शेफ, तुम्ही साक्षीदार.”

“उघडायचं नाही,” मागून आत्या म्हणाली.

मेरांत आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हातात कॉफीचं भांडं होतं. मेलेल्यांसाठी पहिली कॉफी जमिनीवर ओतायला ती निघाली होती.

“आत्या, तू घाबरू नकोस. ते आपलेच आहेत.”

“घाबरतंय कोण? मेलेल्या माणसाचं दार वाजवू नये. एवढं कळत नाही तुला?”

“मग मळा देऊन टाकू याला?”

ती गप्प बसली. आत्या गप्प बसली की समजावं, ती हरली. निदान मी तसं समजलो.

पहारीच्या चौथ्या घावाला तोंड फुटलं. पेटी अजून शाबूत होती. शेफनी टोपी काढली आणि मी झाकण उचललं. आत नदीतले गोटे होते, नीट रांगेत लावलेले, आणि त्यांच्याभोवती केळीच्या सोपटाचे सुके धागे. माणसाच्या लांबीचा केळीचा खुंट कधीतरी प्रेताऐवजी तिथे निजवलेला असावा.

मला वाटलं, आपण चुकीची पेटी उघडली. मग वाटलं, कोणीतरी त्यांना नेलं. मग काहीच वाटेना. माझे आजोबा या गोट्यांसमोर टोपी काढून उभे राहायचे. मी माझ्या लग्नाची पत्रिका या गोट्यांना वाचून दाखवली होती.

“झालं समाधान?” वकील म्हणाला.

शेफ दोर्विल माणूस मंद, पण सरळ. ते म्हणाले, “एक पेटी उघडली तर दुसरीही उघडायची. हाडं ज्याच्याकडे, मळा त्याचा.”

“बेलाशक!” वकील म्हणाला. त्यालाही माझ्यासारखीच खात्री होती.

पुढच्या मंगळवारी शहरात संगमरवर हलवला. खाली गोटे. तेवढेच गोल, तशाच रांगेत.

गवंडी उगाच थापी पुसत राहिला. वकिलाने हॅट काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग अगदी हळू, मला नाही, शेफना नाही, असंच कोणाला तरी म्हणाला, “मग माझे वडील कोणापुढे रडायचे?”

त्या क्षणी मला तो आवडला. आमच्या दोघांचं नाक एकसारखं आहे, हेही तेव्हाच दिसलं.

घरी आल्यावर मी आत्यासमोर बसलो. ती वाटाणे सोलत होती.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की! उघडू नका म्हणाले.”

“आत्या!”

तिने सूप बाजूला ठेवलं. “जनरलना मरणाची भीती नव्हती. भीती नंतरची होती. दोनशे माणसांना लढायला नेलं, सगळे परत आले का? वैरी कमी होते का? प्रेत पळवतील, जादूटोण्याने उठवतील आणि कोणाच्यातरी उसात गुलामासारखं राबवतील, हीच भीती. ज्याने आयुष्यभर हुकूम दिले, त्याने मेल्यावर मान खाली घालून ऊस तोडायचा? म्हणून दोन पेट्या केल्या. शहरातलीला कळलं नाही, मुलांना कळलं नाही. आणि भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, माझ्या आजीने, सेलियानने, एकटीने त्यांना पुरलं.”

“कुठे?”

“ते आजीने मरताना मला सांगितलं. मी मरताना एकाला सांगेन.”

“मला सांग ना! रविवारी शेफचा निकाल आहे. दोन्ही पेट्या रिकाम्या, मग कागदच जिंकणार. मळा जाईल, तुझी कॉफी जाईल.”

“मी शपथ घेतलीय, ओस्तिनेल.” आणि तिने पुन्हा सूप ओढलं. शेंगा सुपाबाहेर पडत होत्या.

मी उठून अंगणात गेलो. डोकं चालेनासं झालं की मी पंपाचा दांडा हलवतो, तसा हलवत उभा राहिलो. आणि दांडा हातातच थांबला.

हा पंप मीच बसवला, अकरा वर्षांपूर्वी. जागा मी निवडली होती, घरांच्या बरोबर मध्ये. मातीत पहार घालणार तेवढ्यात आत्या धावत आली होती, तिला धावताना मी फक्त तेव्हाच पाहिलं. “इथे नको. तिकडे सरक. आणखी सरक.” मी वैतागून सहा पावलं सरकलो. जुन्या जागेवर तिने माझ्याकडून सिमेंटचा ओटा करून घेतला, बादल्या ठेवायला. गेली अकरा वर्षं गावच्या बायका त्या ओट्यावर बादल्या टेकवतात, पाय धुतात, भांडतात.

मी आत गेलो. “आत्या, पंपाची जागा का बदलायला लावली होतीस?”

तिने मान वर केली नाही. “तिकडे पाणी गोड लागतं.”

शनिवारचा अख्खा दिवस मी पहार घेऊन ओट्याजवळ बसलो. खणलं आणि ते निघाले, तर मळा राहील, पण ज्यांचं एकच मागणं होतं, त्यांना मीच बाहेर ओढणार, वकील आणि मोजणीवाल्यासमोर. आणि खणलं आणि तिथेही गोटे निघाले तर? खरं सांगतो, मला याचीच जास्त भीती वाटली. सेलियान शहाणी बाई होती. दोन पेट्या करणारी तिसरीही करू शकते. आत्याचं वयही झालंय. कदाचित तिकडे पाणी खरंच गोड असेल.

माझी बायको इमाकुला दोनदा येऊन विचारून गेली, “पंप बिघडलाय का?” मी म्हणालो, “बघतोय.”

रविवारी चर्च सुटल्यावर शेफनी सगळ्यांदेखत विचारलं, “ओस्तिनेल, जनरल कुठे आहेत, माहीत आहे?”

आत्या पहिल्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

“माहीत नाही,” मी म्हणालो. एका अर्थी ते खरंही होतं.

“मग मळा कागदाप्रमाणे आदेमारांचा.”

“मान्य. पण अंगण आणि पंप मला सोडा.”

वकील माझ्याकडे वळला. “एवढा मळा सोडतोयस आणि पंप मागतोस?”

“माझा धंदाच तो आहे.”

“घे बाबा,” तो म्हणाला. “पंप घे.”

वाटेत इमाकुला रडली. “मळ्यासाठी एक शब्द भांडला नाहीस. पंप मागितलास! लोक हसतायत तुला.” तिचं बरोबर होतं. तिला सांगावंसं फार वाटलं. पण काय सांगणार? मला तरी काय माहीत होतं?

आत्या मार्चमध्ये गेली. शेवटच्या दिवशी मी तिच्या तोंडाशी कान नेऊन बसलो होतो. तिने माझा हात धरला, ओठ हलवले, पण शब्द आले नाहीत. मग तिने पाणी मागितलं. मी पंपावरून आणलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, “गोड आहे.” आणि डोळे मिटले. तिने मला सांगितलं की नुसतं पाणी प्यायली, हे मी अजून ठरवू शकलो नाही.

आता पुन्हा दोन नोव्हेंबर आला. वरच्या मळ्याला वकिलाने तारेचं कुंपण घातलंय. कॉफी आम्ही बाजारातून आणतो. सकाळी पहिली कॉफी गाळली, भांडं घेऊन ओट्याशी गेलो आणि थोडी थोडी तीनदा ओतली. मग चुन्याची बादली आणली आणि ओट्याच्या चारी बाजू रंगवायला बसलो.

शेजारची बाई दोन बादल्या घेऊन आली आणि थबकली. “काय जनरल? यंदा पंपाच्या ओट्याला सफेदी?”

“शेवाळ धरतं,” मी म्हणालो. “जरा वेळ बादली खाली ठेवा. ओलं आहे.”