शुक्रवारचं तेल

त्या साली तंजावरात लाकडी कठडे काढून स्टीलचे पाइप बसवायची साथच आली होती. रघुरामनेही आपल्या घराच्या पायऱ्यांच्या कठड्यापाशी बजावलं, "कृष्णाजी, दोनदा वार्निश केलंस, दोनदा सालपटं निघालीं. पुन्हा निघालीं तर पाइप." कृष्णाजी गावातला पॉलिशवाला. त्या सालपटांपायी त्याची अर्धी गिऱ्हाइकं गेलीच होती. हा दर्शनी कठडा मोडला की उरलेलीही जाणार.

चूक कुठं होते तेच कळेना. त्याने चार दिवस खरवडलं, पॉलिशपेपर मारला, लाकूड उन्हात वाळवलं. शुक्रवारी सकाळी वार्निशचा डबा घेऊन आला, तर रघुरामची आई अंबाक्का, केस तेलाने चिंब, कोऱ्या कठड्याला दोन्ही हातांनी तिळाचं तेल चोळत उभी!

"अक्का! हें काय?"

"शुक्रवार नव्हे कां? माझं न्हाण. वाटींत उरतें तें ह्याला. दर शुक्रवारीं."

दर शुक्रवारी! तिळाचं तेल सात जन्मांत वाळायचं नाही. त्यावर वार्निश काय कपाळ टिकणार? दोन वर्षं गावभर आपल्या नावाने शंख, आणि चोर घरातच. कृष्णाजी तोंड सोडणार, तोच म्हातारी म्हणाली, "गुडघे गेले तेव्हांपासून हाच मला पायऱ्या उतरवतो. ह्याचा हात नुस्ता धरून जाऊं? कांहीं करावें की नक्को?"

यावर रागवायचं तरी कसं? त्याने हळूच कारण सांगितलं. अंबाक्काने कपाळाला हात लावला आणि तिथूनच हाक मारली, "रघू, बाहेर ये! खोट माझी हाय, कृष्णाजीची नव्हे. चार घरीं तूंच जाऊन सांगायचं."

कृष्णाजीचा जीव भांड्यात पडला. त्याने टर्पेंटाइनने तेल पुसून काढलं, लाकूड पुन्हा वाळवलं. वार्निशचा डबा उघडलाच नाही; जवसाचं तेल पातळ चोळलं. ते लाकडात मुरतं, वाळतं, सालपट निघायला वर काही राहत नाही. उरलेली बाटली त्याने अंबाक्काला दिली. "महिन्यातनं एक शुक्रवार हें. थेंबभरच."

पुढच्या शुक्रवारी तो कठडा बघायला गेला. अंबाक्का पायरीवर न्हाणाच्या तेलाची वाटी घेऊन बसली होती.

"आतां हें उरतें की. हात पुढें कर."

टर्पेंटाइनने भेगाळलेल्या त्याच्या तळव्यांवर तिने वाटी रिकामी केली. बायको गेल्यापासून या हातांची कुणी विचारपूस केली नव्हती. कृष्णाजीचे डोळे भरून आले, आणि पुसावेत तर दोन्ही हात तेलाचे.