कान तुटला, बूड शाबूत

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. चहाचा. माझा उजवा कान तुटला आहे. डावा कारखान्याने दिलाच नव्हता.

जन्मताना मला सगळीकडे निळी झिलई मिळाली, फक्त बुडाची कड सोडून. भट्टीत फळीला चिकटू नये म्हणून कारागिराने ती पुसून घेतली होती. बूड खरखरीत राहिलं. मला त्याची इतकी लाज वाटायची की मी आयुष्यभर त्यावरच बसून राहिलो.

घरातल्या काकांनी अकरा वर्षं माझ्यातून चहा घेतला. "या कपातला चहा वेगळाच लागतो," असं ते पाहुण्यांना सांगत. माझा कान तुटला त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या कपातलाही चहा तसाच लागला. मी खिडकीत गेलो, पेन्सिली आणि एक मार्कर सांभाळायला.

पुढे काका निवृत्त झाले आणि त्यांनी आपल्या घडीच्या चाकूला स्वतः धार लावायचं ठरवलं. नवशिक्याने कोणतं साधन घ्यावं, याचा त्यांनी महिनाभर अभ्यास केला आणि तीन घेतली. एकाच्या खाचेतून चाकू ओढायचा. त्याने पातं कुरतडलं. दुसरं विजेवर चालायचं. त्याने टोक खाल्लं. तिसऱ्याचं माहितीपत्रक एवढं लांब, की काका चौथ्या पानावरच अडकले.

"अहो, चाकू लहान होत चाललाय," काकू म्हणाल्या.

"धारदार होतोय."

"मग कालचा टोमॅटो पिचकला कसा?"

"टोमॅटोच जास्त पिकला होता."

एका सकाळी काकू गुलाबाची एक काडी घेऊन आल्या. त्यांच्या आईचं घर विकलं गेलं होतं, दारातला गुलाबही तोडला होता. हाती लागली ती एवढीच काडी, आणि तिच्यावर जिवंत डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, एकच. तो सालीसकट अलगद काढून कुंडीतल्या रोपावर बांधायचा होता. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या जाडजूड, काकांचा चाकू बोथट. डोळा चेंगरला तर संपलंच.

काकूंनी काकांच्या चाकूकडे एकदा पाहिलं, त्यामुळे काका फार घाबरले. ते वरच्या मजल्यावरच्या आजींना घेऊन आले. आजींचा जन्म कँटीनच्या मुदपाकखान्यात भाजी चिरण्यात गेला होता. त्यांनी तिन्ही साधनं पाहिली, माझ्यातल्या पेन्सिली ओतल्या आणि मला ओल्या फडक्यावर सरळ पालथा घातला.

माझं बूड चारचौघांत उघडं पडलं.

"मार्करने पात्याची कड रंगव," आजी म्हणाल्या. "आता या कपाच्या बुडावर ओढ. हळू. बोटं मागे ठेव. शाई कुठली गेली?"

"वरची गेली. कडेची तशीच आहे."

"म्हणजे पातं फार आडवं धरलंयस. जरा उचल."

काकांनी उचललं. कडेची शाई गेली. मग दुसरी बाजू.

"आजी, एवढंच?"

"एवढंच. माझ्याकडे माहितीपत्रक नाही बाबा."

धार बघायला काकांनी तिसऱ्या साधनाचं माहितीपत्रक घेतलं. चौथं पान सर्रकन पार पडलं.

काकूंनी श्वास रोखून डोळा काढला, रोपाच्या सालीत बसवला, वर पट्टी बांधली. पुढचे तीन आठवडे काका कुंडीजवळ शिंकलेही नाहीत. मग हिरवा कोंब दिसला, आणि पावणेतीन महिन्यांनी गडद गुलाबी फूल. काकू त्याचा वास घेऊन म्हणाल्या, "आईच्या दारातलाच."

ते फूल त्यांनी माझ्यात ठेवलं. पेन्सिली आता कानवाल्या कपात असतात, आणि काका चहा पेल्यातून घेतात. तो वेगळाच लागतो म्हणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा कान तुटलेला असेल. फेकण्याआधी त्याला एकदा उलटा करून बघा. आतला चहा मात्र आधी संपवा.