खर्रा न खाणाऱ्याचा जबडा

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. गोंदियाजवळच्या या कुडव्यात आजवर कोणी ठेवला नाही, तुम्ही कशाला ठेवाल? माझा जबडा दीड-दोन वर्षं मला न विचारता चालत होता. मी गप्प बसलो की तोही गप्प. मी बोलायला तोंड उघडलं रे उघडलं की त्याला जोर चढायचा. खाली-वर, खाली-वर, मग उजवीकडे सरक, आणि मधूनच जीभ बाहेर, घरी पाहुणा आला की परद्याआडून डोकावणाऱ्या पोरासारखी.

जोर तरी कसा? राइस मिलमध्ये माझी हयात गेली, म्हणून मला कळलं. एकदा सहज मूठभर धान तोंडात टाकलं. कोंडा डाव्या बाजूनं बाहेर, तांदूळ उजव्या बाजूनं. एक दाणा तुटला म्हणून नाही. मालक म्हणाला, यादोराव, उद्यापासून मोटर बंद, पट्टा तुलाच जोडतो.

"अरे काकाजी, कितना फेकोगे?" चुन्नीलालनं चहा गाळता गाळता विचारलं. नाक्यावरची ही टपरी त्याची. मी रोज सकाळी इथंच बसतो.

"धान कोनतं होतं ते विचार. एचएमटी होतं, बारीक. जाडं असतं तं जमलं नसतं. मी खोटं कायले बोलू?"

बाकावरची माणसं हसली. एकटे भैयाजी हसले नाहीत. आमच्या बुद्ध विहाराच्या कमिटीचे ते अध्यक्ष. पलीकडच्या खुर्चीवर पेपर तोंडापुढं धरून बसले होते. त्यांना माझी गोष्ट ऐकायची नव्हती, म्हणून ते फार लक्ष देऊन ऐकत होते.

तांदळाचं सोडा. दुखणं वेगळंच होतं. आपल्या गावात कोणाचा जबडा हलताना दिसला की माणूस दुसरा विचार करत नाही. खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटला आणि गालात कोंबला. बसमध्ये तिकीट मागितलं की कंडक्टर म्हणायचा, बाबा, खिडकीतून थुंकू नका. बँकेतला शिपाई दारातच हात आडवा करायचा. आणि मी जन्मात खर्रा खाल्लेला नाही. बिडी ओढली, ते वेगळं.

तेही चाललं असतं. पण विहारात रविवारची वंदना मी घ्यायचो. वस्तीतली लग्नंही मीच लावायचो. पांढरे कपडे घालून भगवंताच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. एक ओळ मी, तीच ओळ मागून सगळ्यांनी. किती जोडपी माझ्या मागून बोलून संसाराला लागली. मिलमध्ये मी हमाल होतो. तिथं उभा राहिलो की माणूस व्हायचो.

तर एका रविवारी भैयाजी भर विहारात उठले. "यादोरावजी, पहिले खर्रा थुकून या. भगवंतापुढं तोंडात घास ठेवून वंदना घेता?"

मी म्हटलं, पाहा, तोंड रिकामं आहे. म्हणजे म्हणायला गेलो. तोंड उघडलं आणि जीभ बाहेर पडली ती थेट भैयाजींकडं. सगळ्या विहारानं पाहिलं, यादोरावानं अध्यक्षाला जीभ दाखवली.

पुढच्या रविवारी वंदना दुसऱ्यानं घेतली.

एका दातवाल्याकडं गेलो. त्यानं एक दात काढला. दात बिचारा निर्दोष होता. तो गेला, जबडा चालूच. सुमनबाई, म्हणजे माझी घरधनीण, म्हणायची, "अवो, घरी करा काय करायचं ते. लोकायपुढं तरी नका करू." मला राग यायचा. पण राग बोलून दाखवायलाही जबडाच लागतो.

अशात नात समीक्षाचं लग्न ठरलं. विवेक नावाचा मुलगा, चांगला, शिकलेला. भैयाजी घरी आले. माणूस वाईट नाही, वस्तीच्या इज्जतीचा ठेका घेतलेला आहे एवढंच. म्हणाले, "गोंदियातून कोनी बोलवून घ्या. वरपक्षाचे लोक काय म्हनतील, खर्रा चघळत लग्न लावून राहिले?"

मी मान खाली घातली. वस्तीतल्या सगळ्यांची लग्नं लावली आणि माझ्याच नातीच्या मांडवात मी पाहुण्यांना पाणी देत फिरणार, एवढं मला दिसत होतं.

समीक्षा तेव्हा नर्सिंग शिकत होती. ती आतून आली. "भैयाजी आजोबा, खर्रा खानाऱ्याचं तोंड थुकल्यावर तं थांबते. आबाजीचं तोंड रिकामं असलं तरी बोलताना थांबत नाई. अन् बोलनं थांबलं की एकदम गप. मी बसून पाह्यलं हाय. हा काहीतरी आजार हाय. माह्यं लग्न आबाजीच लावतील. नाई तं मी मांडवात येतच नाई."

असं बोलली आणि दुसऱ्याच आठवड्यात मला आणि सुमनबाईला घेऊन नागपूरच्या गाडीत बसली.

नागपूरची डॉक्टरीण वयानं समीक्षापेक्षा थोडी मोठी. म्हणाली, बोला काका. मी बोलायला लागलो, जबडा लागला उड्या मारायला. बाईनं खर्ऱ्याचं नाव काढलं नाही. पहिलं माणूस! तिथंच मला वाटलं, आता बरं झालो नाही तरी चालेल.

"काका, याला डिस्टोनिया म्हणतात," ती म्हणाली. "डोक्यातून जबड्याला आणि जिभेला चुकीचे हुकूम जातात. तुम्ही मुद्दाम करत नाही."

सुमनबाईनं पदर तोंडाला लावला. दवाखान्याच्या बाहेर येईपर्यंत तो तिनं काढला नाही.

मग डॉक्टरीण म्हणाली, गालात काही धरलं की थांबतं का, पाहा. सुपारीचं खांड धरलं. थांबलं! जबडा असा शांत, जसा पगाराच्या दिवशी मुकादम. म्हणे काहींचं असं होतं. आता सांगा, खर्रा खात नाही हे दाखवायला मी अर्धा खर्रा गालात ठेवून फिरायचं?

म्हणून सुया घेतल्या, जबड्याच्या स्नायूत. बोटॉक्स. सिनेमातल्या बाया सुरकुत्या जायला घेतात तीच. माझा उजवा गाल पंचवीस वर्षांचा झाला. सुमनबाई त्या बाजूनं बसायला लाजायची, म्हणायची, परक्या माणसाजवळ बसल्यासारखं वाटते.

"हे बी झूट," चुन्नीलाल म्हणाला.

"तिलेच विचार."

काही दिवस गिळताना जड गेलं, पेजेवर काढले. पण जबडा निवला. पुरता नाही, आणि सुईचा असर काही महिन्यांनी उतरतो, पुन्हा जावं लागतं, हे त्या बाईनं आधीच सांगितलं होतं. अजूनही जातो. तिचं भलं होवो. समीक्षाचं भलं होवो. सुमनबाईनं मला घास मऊ करून भरवला, तिचे उपकार मी याच जबड्यानं रोज मानतो, ती म्हणते पुरे झालं.

भैयाजींचे मात्र माझ्यावर काही उपकार नाहीत. हे मी जरा मोठ्यानं बोललो. पेपर हलला.

तर मे महिन्यातलं लग्न. मांडव भरलेला. सुमनबाई सुपारीचं खांड पुढं करते, मी घेत नाही. गाल फुगलेला दिसला तर पुन्हा तेच! समीक्षा आणि विवेक समोर उभे. भैयाजी पहिल्या रांगेत, नजर माझ्या जबड्यावर, वजनकाट्यावर असते तशी. मी मेणबत्ती लावली, हात जोडले, तोंड उघडलं.

आणि काय आवाज निघाला म्हणता! त्रिशरण, पंचशील, लग्नाची प्रतिज्ञा, सगळं एका दमात. एक अक्षर अडलं नाही. आवाज गोंदिया जंक्शनपर्यंत गेला. हावड्याची गाडी सिग्नल हिरवा असून थांबली, प्रवासी उतरून फलाटावर हात जोडून उभे राहिले. ना कोणाचा आधार, ना कोणाची मदत. एकट्या यादोरावानं लग्न लावलं, एकट्यानं!

पेपर खाली आपटला.

"झूट! साफ झूट!" भैयाजी उठून उभे राहिले होते. "एका दमात म्हने! बुद्धं मधला 'बु' निघाला नाई तुमच्या तोंडातून. जबडा गेला तिकडं, अन् तुमी हात जोडून उभे, डोळ्यात पानी. मंग पहिले कोन बोललं? मी बोललो! माह्या मागून पोरगी बोलली, नवरदेव बोलला, सुमनबाई बोलली, सारा मांडव बोलला. तुमी आमच्या मागून होट हालवत होते. सारं लग्न आमी म्हटलं, यादोरावजी, तवा तुमी लावलं. अन् एकटे म्हने!"